सबाई अक्षरं आणि जळणारा कचरा

ओसाकाला मी नवऱ्याच्या मागोमाग आले. तो सॉफ्टवेअरवाला, कंपनीने पाठवलेला. मी पुण्यात शिलालेखांचे ठसे घेणारी, कुणीच न पाठवलेली. इथल्या एका विद्यापीठात मला अरुबाइतो, म्हणजे अर्धवेळ काम मिळालं. ऑफिसात सगळे मला ओकुसान म्हणत, म्हणजे अमक्याची बायको. ते मी चालवून घेतलं. पुढे जे झालं ते मात्र आजही गळ्याखाली उतरत नाही.

काम होतं एका निवृत्त सेन्सेईंच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या, खोलीत. तरुणपणी ते येमेनमध्ये हिंडले होते आणि तिथल्या सबाई लेखांचे ठसे त्यांनी स्वतःच्या हातांनी घेतले होते. त्या ठशांचे फोटो काढायचे, एवढंच माझं काम. सबा हे तिथलं फार जुनं राज्य, ऊद-लोबानाच्या व्यापारावर गबर झालेलं. त्यांची लिपी इतकी रेखीव की पट्टी घेऊन आखल्यासारखी वाटावी. उभ्या काठ्या, गोल, चौकोन, दोन शब्दांच्या मध्ये एक उभी रेघ. स्वर ते लिहीतच नसत. त्यामुळे बोलणारी माणसं गेली तेव्हा बोलण्यातला अर्धा आवाज त्यांच्याबरोबर गेला.

आपल्याकडे दगडावर कागद बसवून शाईने ठसा घेतात. सेन्सेई ओला जाड कागद दगडावर पसरून ब्रशने ठोकत. तो वाळून सुटला की मागच्या बाजूला अक्षरं उलटी उठून येतात, बोटाला लागतील अशी. हे महत्त्वाचं, कारण सेन्सेईंची दृष्टी गेली आहे. ते आता वृद्धाश्रमात असतात. एकदा त्यांना चाकांच्या खुर्चीतून खोलीवर आणलं होतं. मी एक ठसा पुढे ठेवला आणि त्यांनी बोटं फिरवत अख्खी ओळ वाचली. मग म्हणाले, "बरेच नीट वाचायचे राहिलेत. एकेक आणून द्याल का?"

मी परवानगी मागितली. ऑफिसातले विभागप्रमुख, काचो-सान, अतिशय नम्र माणूस. वाकून म्हणाले, विद्यापीठाची मालमत्ता बाहेर नेता येणार नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात खोली रिकामी करायची ठरली. स्टीलची कपाटं चांगली होती, ती ठेवायची. आतले ठसे टाकायचे. माती लागलेला कागद रद्दीत चालत नाही, म्हणून ते खोक्यांत भरले गेले आणि वर स्टिकर आले: मोएरु गोमी. जळणारा कचरा. म्हणजे मालमत्ता बाहेर नेता येत नाही, जाळता मात्र येते.

मी काचो-सानांसमोर उभी राहिले. "यातले काही दगड गावातल्या घरांच्या भिंतींत होते. ती घरं युद्धात पडली. आता हे कागद हेच दगड आहेत."

"समजतं. पण ओकुसान, फोटो तुम्हीच तर काढलेत. उत्तम आलेत."

"सेन्सेई फोटो वाचू शकत नाहीत."

"ते फार दुर्दैवी आहे," ते म्हणाले आणि पुन्हा वाकले. नुसत्या वाकण्याने माणूस किती उर्मट होऊ शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याने लॅपटॉपवरून मान वर केली. "अगं, हाय-रेझोल्यूशन इमेजेस आहेत ना? मग हार्डकॉपी कशाला?" कोरडा माणूस. त्या दिवशी त्याला जेवण वाढलं, पण बोलले नाही.

कितीतरी सबाई लेखांच्या शेवटी एक विनवणी असते: जो कोणी हे मोडील किंवा जागेवरून हलवील, त्याच्यापासून देवाने हे राखावं. आपल्या कोकणातल्या गधेगाळी, म्हणजे शिवी कोरलेले दानाचे दगड, याच जातीच्या, फक्त आपले लोक विनवणीवर थांबत नाहीत. दान मोडणाऱ्याच्या आईला गाढवाच्या हवाली करतात, आणि अक्षरशत्रूलाही कळावं म्हणून तसं चित्र कोरून ठेवतात. इतक्या वर्षांत मला ती शिवी असभ्य वाटत आली होती. आता वाटलं, शिवी द्यायची तर अशीच, दगडात आणि सचित्र. मी मार्कर घेतला आणि ठशांच्या प्रत्येक खोक्यावर एक गाढव काढलं. पुढचं चित्र काढायला हात धजला नाही, पुण्याचे संस्कार आडवे आले.

काचो-सान बघायला आले. वाकून गाढव न्याहाळलं आणि म्हणाले, "कावाई."

गोंडस. माझी गधेगाळ गोंडस ठरली.

कचरा न्यायच्या दिवशी मी पोचले तेव्हा खोकी गेली होती. गाढवांसकट. फोटोसाठी टेबलावर पसरलेला एक ठसा कुणाच्या लक्षात आला नव्हता. तो मी नळीत घातला आणि कुणालाही न विचारता बाहेर पडले. आयुष्यात पहिल्यांदाच मी नियम मोडत होते आणि मला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

तिथून सरळ वृद्धाश्रमात गेले. ठसा सेन्सेईंच्या मांडीवर पसरला. त्यांची बोटं अक्षरांवरून सावकाश सरकू लागली. लेख एका बाईचा होता. तिचं मूल आजारातून उठलं, म्हणून तिने देवाला काशाची मूर्ती वाहिली होती. सेन्सेई वाचत होते आणि मधूनमधून हसत होते, जुनी ओळखीची भेटावी तसे. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"जो हे जागेवरून हलवील, त्याच्यापासून राखावं," ते म्हणाले. "बाई हुशार होती."

तोंड उघडलं असतं तर सबाई, मराठी, जपानी, सगळ्या शिव्या एकदम बाहेर पडल्या असत्या.

त्यांनी कागदाच्या कडा चाचपल्या, सुरकुती पडू न देता गुंडाळून माझ्या हातात दिला. "पुढच्या वेळी दुसरा आणा. बाकीचे कपाटात नीट आहेत ना?"

"कपाटं नीट आहेत," मी म्हणाले.