राजवाड्यातली बोर

बोरीच्या ओल्या पाल्याचा वास आला की अबुधाबीतल्या राजवाड्याची बाग आठवते. मी तिथे पाण्याच्या पाइपांचं काम बघायचो. शेखच्या मजलिसमधून, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीतून, थेट समुद्र दिसावा म्हणून जर्मन मुख्य माळ्याने मधली बोर तोडायला काढली. रत्नागिरीचा चाचा, त्याच्याच हाताखालचा माळी, आडवा उभा राहिला. मला म्हणाला, "साहेबाला सांगा, माझ्या भावाच्या मयताला हिच्याच पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली." मी सांगितलं. जर्मन "खलास" म्हणाला आणि स्वतःच कुऱ्हाड घातली. दुसरा घाव पडायच्या आत चाचाने फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात हाणला. पांढरा शर्ट रक्ताने भिजला. चाचा तुरुंगातून परस्पर मायदेशी गेला. जर्मन टाके घातलेलं डोकं घेऊन परतला आणि त्याने बागेचा नकाशाच बदलला. मजलिसमधून समुद्र आजही अर्धाच दिसतो.