मुलींची खिडकी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मुलींसाठी एक खिडकी होती. मुले दारातून आत जात, हवे ते कपाट उघडत, लांब टेबलांवर कोपरे टेकून वाचत. आम्ही व्हरांड्यात उभ्या राहून गजांमधून चिठ्ठी देत असू. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. म्हणूनच तो मोडावा कसा, हे कुणालाही ठाऊक नव्हते.

पुस्तकांच्या नोंदींची कार्डे आतल्या खणांत असत. वरच्या वर्गातील मुली जाताना आम्हाला एक वही देऊन गेल्या होत्या. तीत ग्रंथांची नावे आणि क्रमांक. आमचे ग्रंथालय त्या वहीएवढेच.

ऐंशी सालाच्या सुमारास, बी.ए.च्या शेवटच्या वर्षी, मला काव्यशास्त्राचा एक ग्रंथ हवा होता. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि चिठ्ठी तीनदा परत आली होती. चौथ्या दिवशी शिपाई वैतागला. "बाई, या नंबरचं पुस्तकच नाही. रोज रोज कायले येता?"

प्रवेश घेताना वडिलांनी बजावले होते, "पोरांत दिसलीस, त कॉलेजातून नाव काढून आणीन." ते शब्द कानात असतानाच मी उंबरा ओलांडला.

डिंकाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. खुर्च्यांची करकर थांबली. कुणीतरी म्हणाले, "अबे, खिडकी चालत आली आत!" हशा उसळला. तिसऱ्या टेबलावरचा माझा चुलतभाऊ मात्र हसला नाही.

खण अडकलेला होता. ओढला, तशी कार्डे बोटांखालून सरसरत गेली. माझ्या ग्रंथाचे कार्ड सापडले. जुना क्रमांक लाल शाईने खोडून खाली नवा लिहिलेला. शेजारच्या कार्डांवरही तेच. ग्रंथालयाने क्रमांक केव्हाच बदलले होते. आणि आम्ही मुली मात्र, पुस्तके मुलांनीच नेली असतील, असे समजून मुकाट परतत होतो.

ग्रंथपाल उठून आले. "चिठ्ठी खिडकीतून द्या."

"सर, इथंच देते."

त्यांनी दाराकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि चिठ्ठी घेतली. ग्रंथ आला. त्याची काही पाने कडेला अजून जोडलेलीच होती. इतक्या वर्षांत ती कुणी कापून उघडली नव्हती.

संध्याकाळी गावाकडे, सानगडीला जाणाऱ्या एसटीत चुलतभाऊ मागच्या बाकावरून वाकला. माझ्या वडिलांना तो मोठेबाबा म्हणे. "मोठेबाबाले सांगतो मी. पोरांत बसली होतीस म्हून."

"बसली नव्हती. उभी होती."

"त्याहिले दोन्ही सारखंच."

ते खरे होते. उरलेल्या वाटेत छातीशी धरलेला ग्रंथ माझ्याच ठोक्यांनी हलत राहिला.

वडील खळ्यावर वाऱ्यावर धान उफणत होते. भावाने तोंड उघडण्याआधीच मी म्हणाले, "बाबा, मी आज लायब्ररीत पोरांत गेली होती. पुस्तकासाठी."

सूप हवेतच थांबले. भुसा त्यांच्या भुवयांवर बसत राहिला.

"कोणी काही बोललं?"

"हासले."

"अन् पुस्तक?"

मी ते पुढे केले. त्यांनी धोतराला हात पुसले, पण ग्रंथाला हात लावला नाही.

"उद्या एकटी नको जाऊ," ते म्हणाले. "दोघी-तिघी मिळून जा."

मग पुतण्याकडे वळले. "अन् तू काहून उभा? सूप पकड."