बारवीचा चढ, पहिल्यापासून

आमच्या रविवारच्या सायकल ग्रुपमधली निम्मी माणसं हिवाळ्यात नाशिककडे जातात. द्राक्षांच्या मळ्यांमधून सायकल चालवायची, टेकडीवरच्या वायनरीत बसून फोटो काढायचे आणि मग महिनाभर ते फोटो आम्हाला दाखवायचे. जावं, माझी ना नाही. पण ज्याला चढ-उतार आणि फळांचा मुलूख हवा आहे त्याने अंबरनाथ सोडून एवढं लांब जायची गरज नाही, असं माझं मत आहे आणि ते मी कोणी न विचारताही सांगतो. चिखलोलीवरून बदलापूर गाठा, उल्हास नदीचा पूल ओलांडा आणि बारवी धरणाच्या रस्त्याला लागा. मे संपता संपता तिथे जांभळं पिकतात. हल्ली त्यांचीही वाइन करतात म्हणे.

ग्रुपसाठी रूट काढणं हे माझं काम. कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळे दुसऱ्यांना कुठे कसं जायचं ते सांगायची सवय जुनीच. कुठल्या वळणाला कुठला गिअर, पाणी कुठे मिळेल, कुठला कुत्रा खरंच मागे लागतो आणि कुठला नुसताच भुंकतो, सगळं मला पाठ आहे. या कामात माझा हात कोणी धरू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. अजूनही आहे, पण आता मी ती जरा हळू आवाजात बोलून दाखवतो.

माझी बायको सेहेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकली. मला कळलं तेव्हा तिचं शिकून झालं होतं. तिचं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. दुकान उघडायच्या आधी शेजारच्या बाईची सायकल घेऊन ती मैदानावर जायची. दोन्ही गुडघे फोडून घेतले होते आणि मला सांगितलं होतं, जिन्यावरून पाय घसरला.

मग आम्ही उल्हासनगरला सायकल घ्यायला गेलो. दुकानदार माझ्या ओळखीचा, सिंधी. तो म्हणाला, “साईं, भाभीजी के लिए आगे टोकरीवाली ले जाओ. सब्जी लाने के काम आएगी.” बायको माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “सब्जी ये लाते हैं,” आणि भिंतीला टांगलेली गिअरची सायकल खाली काढायला लावली.

वर्षभर ती माझ्याबरोबर सपाट रस्त्यावर फिरली. मग एके दिवशी चपात्या लाटता लाटता म्हणाली, “अहो, मला एक रूट काढून द्या. माहेरी जायचंय. सायकलने.”

तिचं माहेर म्हणजे बारवीच्या बाजूचा डोंगरातला पाडा. भातशेती आणि जांभळाची झाडं. पाड्यावरची शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला खाली जावं लागे. ती वर्गात पहिली यायची. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, वर्षाने मोठा आणि अभ्यासात यथातथाच. त्याला सासऱ्यांनी सायकल घेऊन दिली. एकट्या पोरीला चालत पाठवायला घरचे तयार नव्हते. मलाही सायकल द्या, असं ती म्हणाली तेव्हा सासरे म्हणाले होते, “उतरशील, पण चढशील कशी? तो चढ पोरींचा नाय.” तिची शाळा तिथेच सुटली. शाळा सुटल्याचं मला माहीत होतं. सायकलचं आणि चढाचं तिने त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

“बाबांनी ऐंशी ओलांडलीत,” ती म्हणाली. “ते आहेत तोवर मला तो चढ चढून त्यांच्यासमोर उभं राहायचंय. बास.”

मी लगेच कामाला लागलो. आधी एक सोपा रूट काढला. लांबचा, वळसा घालून जाणारा, चढ वाटून घेणारा. तिने मोबाइलवर तो पाहिला आणि विचारलं, “ह्यात तो चढ कुठंय?” मी म्हटलं, “तोच तर टाळलाय.” तिने मोबाइल परत दिला आणि तो विषय संपला.

जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही पहाटेच निघालो. चिखलोली गेलं, बदलापूर गेलं, पूल ओलांडला. मूळगावच्या पुढे हवा जरा बरी झाली. मी पुढे राहून सूचना देत होतो: हलका गिअर टाक, खांदे सैल सोड, घोट घोट पाणी पी. ती “हं” म्हणत होती. ते “हं” मला ओळखायला हवं होतं. चोवीस वर्षांच्या संसारात मी ते बऱ्याच वेळा ऐकलं आहे.

मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळलो की तो चढ लागतो. दीडच किलोमीटर, पण सरळ अंगावर येणारा. मध्ये एक मोठं जांभळाचं झाड आहे. त्याच्या अलीकडे तिचा वेग इतका कमी झाला की सायकल डगमगायला लागली. मान खाली, श्वास मोठमोठ्याने. आणि मी ते केलं, जे आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक जण प्रत्येकासाठी करतो. दमलेल्याच्या शेजारी सायकल न्यायची, एक तळवा त्याच्या पाठीवर ठेवायचा आणि त्याला ढकलत आपण पेडल मारायचं. आम्ही ह्याला हात देणं म्हणतो. हात देणारा मोठा माणूस समजला जातो. मी पुष्कळांना दिला आहे आणि सगळ्यांनी आभार मानले आहेत.

तिने ब्रेक दाबला आणि उतरली.

“किती वेळ हात होता?”

“अगं, त्या खांबापासून फक्त. आता निम्माच राहिलाय.”

“कोणी सांगितलं होतं?”

“पडली असतीस!”

“पडले असते तर पडले असते. माझी मी पडले असते.” तिचा आवाज चढला होता. “आता वर जाऊन बाबांना काय सांगू? ह्यांनी ढकलत आणलं म्हणून सांगू? तेच तर म्हणाले होते ते.”

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. ऊन वर आलं होतं, तिचे गुडघे मला माहीत होते आणि मी काही वाईट केलं होतं असं मला वाटतच नव्हतं. “मग आता काय करणार आहेस?” मी विचारलं. तिने सायकल वळवली आणि सगळा उतार खाली गेली. जाताना म्हणाली, “तुम्ही इथेच थांबा. मी वर पोचल्यावर या.”

मी जांभळाखाली उभा राहिलो. झाडाखाली जुन्या साड्या अंथरल्या होत्या, फळ मातीत पडू नये म्हणून. एकेक जांभूळ पडत होतं. मला तिचा राग येत होता आणि तेव्हाच भीतीही वाटत होती, की हिला जमलं नाही तर? परत जन्मात ही सायकलला हात लावणार नाही. आणि त्याला कारण मी.

ती खालच्या वळणावर दिसली. रस्ता मोकळा होता आणि ती या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी चढत होती. डोक्यावर भारा असला की पाड्यावरच्या बाया तशाच चढतात. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. माझ्या समोरून गेली तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही एक शब्द बोललो नाही, आणि आयुष्यात क्वचितच मला गप्प राहणं इतकं जड गेलं आहे.

ती वळणाआड गेली. बऱ्याच वेळाने एक म्हातारी जांभळाची पाटी डोक्यावर घेऊन वरून आली.

“मावशी, वर सायकलवर एक बाई दिसली का?”

“दिसली की. पार घराशी पोचली.”

“मध्ये उतरली होती का?”

“नाय बा. वाकडी-तिकडी चालली व्हती, पन पाय नाय टेकला.” मग माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहून म्हणाली, “आन तू रं का हितं थांबलास? दमलास?”

मी हो म्हटलं.

वर पोचलो तेव्हा अंगणात गर्दी होती. मेहुणा तिच्या सायकलचे गिअर उलटसुलट करून बघत होता. बायको आत हातपाय धूत होती. सासरे बाजेवर बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, “जावयबापू, खरं सांगा. चढाला तुम्हीच हात दिलात ना?”

नाही म्हणणं सोपं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. पण मी म्हणालो, “दिला होता. जांभळापाशी. तिने सायकल थांबवली, सगळा चढ खाली गेली आणि पहिल्यापासून एकटी चढून आली. मी आत्ता पोचतोय.”

सासऱ्यांनी मान खाली घातली. तोंडातल्या तोंडात काही तरी चावत बसले. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. त्यांनी वर पाहिलं. डोळे भरले होते त्यांचे.

“पोरी,” ते म्हणाले, “तवा माझं चुकलं.”

मला वाटलं, ती आता म्हणेल, जाऊ द्या बाबा, जुन्या गोष्टी. आपल्याकडे असंच म्हणतात. मीही तेच म्हटलं असतं.

“हो,” ती म्हणाली. “चुकलंच.” आणि बाजेवर त्यांच्या शेजारी जाऊन बसली.