कुलपी गोळा आणि आमचे साडू

लढाया राज्यासाठी होतात असं इतिहास सांगतो. माझ्या थोरल्या साडूंचा मात्र ठाम समज होता की, त्या मागाहून आपल्याला तोफेच्या गोळ्यांचे तुकडे वेचता यावेत म्हणूनच झाल्या. कोल्हापुरात त्यांचं कापडाचं दुकान होतं. गिऱ्हाईक लुगडी बघायला यायचं आणि मालक मांडीवर गंजकं लोखंड घेऊन ते चिंचेनं घासत बसलेले. मेव्हणीची माहेरची चांदीची भांडी त्यांनी ट्रंकेत ढकलली आणि काचेच्या कपाटात हे वैभव मांडलं. चहाला आलेल्या माणसाच्या बशीशेजारी एकेक तुकडा येई. “भरीव गोळा फुटत न्हाय, पावणं. फुटतो तो कुलपी. आत पोकळ, दारू ठासलेला. हा आतला बाक बघा की!” मग तुकड्याचा बाक कागदावर गिरवून, वर्तुळ पुरं करून, अख्खा गोळा केवढा होता ते सांगत. एकदा हे वर्तुळ कागदाबाहेर गेलं, सतरंजीवर पसरलं, आणि तोफगोळ्याऐवजी गुऱ्हाळातली काहील निष्पन्न झाली. साडूंनी तीही कपाटातून हलवली नाही. पुरावा दोन्ही बाजूंचा ठेवावा, म्हणाले.

एसटी नवी होती तेव्हाची गोष्ट. गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर इंग्रजांनी शंभर वर्षांपूर्वी तोफा डागल्या होत्या, त्यामुळे पायथ्याची शेतं म्हणजे साडूंची पंढरीच. तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्यानं मुलीच्या लग्नाला बोलावलं. साडूंनी मला सोबत ओढलं. नवरा-नवरी कोण, हे त्यांनी अखेरपर्यंत विचारलं नाही.

मांडवामागं आमटीचं मोठं पातेलं चढलं होतं. घरची थोरली सून चुलवणाशी वाकून फुंकणीनं जाळ करत होती. साडू सहज डोकावले आणि जागीच थिजले. पातेल्याखाली दोन दगड होते, आणि तिसऱ्याच्या जागी नांगराला नुकताच लागलेला एक लोखंडी गोळा. त्याला एका अंगाला बोटभर भोक होतं.

“पोरी, मागं सर! बत्तीचं भोक हाय त्याला!” असं ओरडून साडूंनी तिला दंडाला धरून ओढलं. पाणी लांब होतं. हाताशी मठ्ठ्याचा हंडा होता, तो त्यांनी जाळावर ओतला. पातेलं कलंडलं. गावजेवणाची आमटी भुईला मिळाली. त्या धुरात धोतर सावरत साडूंनी गोळा काठीनं बाहेर काढला, पोत्यात गुंडाळला आणि पळत जाऊन विहिरीत टाकला. डुबुक्‌ असा आवाज झाला. बाकी काही नाही.

“सावकार, ह्ये काय केलासा?” नवरीचा बाप डोक्याला हात लावून म्हणाला. “पोरीच्या लग्नात आमटी सांडलासा की!”

“कुलपी होता,” साडू म्हणाले. हसण्याचा असा कल्लोळ झाला की सनईवाला थांबला. वऱ्हाडानं गूळ-भात खाल्ला. आम्हाला कुणी बसा म्हटलं नाही.

परतीच्या गाडीत साडू भाजलेले तळहात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. टोमणा मारावा म्हणूनच मी विचारलं, “खरंच दारू होती का हो आत?”



“नसंल,” ते म्हणाले. “असली तरी इतक्या पावसाळ्यांत सादळली असंल. पर ती पोरगी पार वाकून बसली होती हो.”

गाडी धक्के खात होती, आणि प्रत्येक धक्क्याला ते हात जरासे वर उचलून धरत होते.