नऊ छेद बारा

"मॅडम, हे गणित आहे की तक्रारअर्ज?"

संस्थेच्या अध्यक्षांनी वही टेबलावर आपटली. सगळ्या स्टाफसमोर. बाकीचे बसलेले, मी एकटी उभी.

"तुमच्या लोकांच्या हातात पेन दिलं, की हेच होतं."

कुणी मान वर केली नाही.

मी अंबरनाथच्या एका शाळेत सहावीला गणित शिकवते. पुस्तकातली उदाहरणं मुलं नुसती पाठ करायची. म्हणून सांगितलं, घराजवळचं एक उदाहरण तयार करा, सोडवा, आणि काय समजलं ते आपल्या शब्दांत लिहा.

मोरिवलीच्या एका मुलीने लिहिलं: "आमच्या चाळीत बारा घरं. नऊ घरांत खोकला. नऊ छेद बारा म्हणजे तीन छेद चार. आकडे लहान झाले, पण खोकणारी घरं नऊच राहिली."

अपूर्णांक इतका नीट मलाही कधी सांगता आला नव्हता.

चाळीमागची केमिकल कंपनी अध्यक्षांची. तिचे वडील तिथेच कामाला.

अध्यक्षांनी तिला बोलावलं. "हे मॅडमनी लिहायला लावलं ना?"

"नाही सर. मी मोजलं."

"वडिलांचं नाव काय?" त्यांनी शांतपणे विचारलं. लिहून घेतलं.

लहानपणी माझं उत्तर बरोबर आलं, की बाई विचारायच्या, "कुणाचं बघून लिहिलंस?" मी मान खाली घालायचे. आजही खालीच होती. ही अकरा वर्षांची पोर मात्र त्यांच्याकडे सरळ बघत होती.

मला कोरा कागद दिला. सोमवारपर्यंत माफीनामा लिहून द्यायचा. उदाहरण खोटं आहे, असंही लिहायचं.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. रविवारी मी मोरिवलीला गेले. मला बघून एकेक दार लागत गेलं. तिच्या आईने दार अर्धंच उघडलं.

"टीचर, जा तुम्ही. ह्यांना घरी बसवलंय. काल दोघं जण आले होते. पोरगी कुठे जाते, कधी येते, विचारत होते."

मी लगेच निघाले नाही. चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. दारांआड लोक खोकत होते. मी घरं मोजली.

सोमवारी कागदावर लिहिलं: "मुलीचं उत्तर बरोबर आहे. मी स्वतः तपासलं." खाली सही केली.

"नोकरी जाईल गं," हेडबाई कुजबुजल्या.

जाईल. पण त्या मुलीचं नाव मी पटावरून निघू देणार नाही. आणि बरोबर उत्तरावर चुकीची फुली माझ्या हातून कुणी मारून घेणार नाही.