डी टाइप घराची आतली खोली

माझ्या प्रबंधातलं हे शेवटचं घर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरांत अणुबॉम्बसाठी एक गुप्त शहर घाईघाईनं वसवलं होतं. माणसं कशावर काम करतात, हे त्यांच्या बायकांनाही ठाऊक नसे. घरं हुद्दा आणि कुटुंब बघून अक्षरांनी वाटली जात: ए लहान, डी मोठं. स्वयंपाकघर रस्त्याकडे, कारण कोळशाची गाडी तिथे थांबायची. बैठकीची खोली मागे, झाडांकडे. माझे बाबा भारतातल्या एका वीज केंद्रात हेल्पर. मी तिथल्या सगळ्यात लहान, टाइप वन क्वार्टरमध्ये वाढले, त्यामुळे ही वाटणी मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

बाकीच्या डी घरांतल्या भिंती लोकांनी कधीच पाडल्या होत्या. या घरातल्या पुढच्या आठवड्यात नवे मालक पाडणार होते. प्रोफेसरांनी बजावलं होतं, अंदाजे आकडा चालणार नाही. प्रत्येक खोली मोजा, नाहीतर प्रकरण पुढच्या सेमिस्टरला. मे महिन्यातल्या माझ्या पदवीदानासाठी आईबाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढले होते.

शेजारच्या राज्यातल्या कॅरीहून काकांनी गाडी चालवली. मी त्यांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहते, एवढंच आमचं नातं.

घर विकून निघालेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. बैठक मोजून झाली, स्वयंपाकघर झालं, दोन खोल्या झाल्या. शेवटच्या खोलीत त्यांचे आजारी यजमान झोपले होते.

"जा की आत," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "त्याला कळणारसुद्धा नाही."

मला उंबरठा ओलांडवेना. परक्या आजारी माणसाच्या पलंगाभोवती टेप कसा फिरवायचा?

"अगं, मी इतका ड्राइव्ह करून आलोय," काका मराठीत पुटपुटले. "पाच मिनिटांचं काम आहे यार. लाजतेस काय?"

"मग तुम्ही जाता का, काका?"

काकांनी टेप गुंडाळून घेतला. मग म्हणाले, "चल, बाहेरून मोजू."

बाहेरून मोजलं, भिंतीची जाडी वजा केली. पण आतलं भिंतीतलं कपाट किती खोल, ते बाहेरून कसं कळणार? नकाशात मी ती खोली कोरी ठेवली आणि आत लिहिलं, 'मोजलेली नाही'.

प्रोफेसरांनी कारण विचारलं, नीट ऐकून घेतलं. "मला समजतंय," म्हणाले. "पण प्रकरण पुढच्या सेमिस्टरला, पदवी डिसेंबरात."

त्या दिवशी मला रडूही आलं नाही, नुसती झोप येत होती. मग घरी फोन केला.

"बरं, मग डिसेंबरात येऊ," बाबा म्हणाले, आणि आईला स्वेटर बघून ठेवायला सांगितलेलं मला ऐकू आलं.