मेसेज माझ्याच फोनवर

दूर हिंदी मुलखात, सीतापुऱ्यातल्या औषधांच्या गोदामात थंड खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीत मी बसवलेली एक डबी. डबी खोलीचं तापमान मोजायची आणि रेडिओवरून शेजारच्या डबीला सांगायची, ती तिच्या पुढचीला. आळीत नळाला पाणी आल्याची बातमी दारोदार जाते, तसं. एखादी डबी बंद पडली की बाकीच्या आपसात दुसरा रस्ता शोधून घेत. सरतेशेवटी सगळं एका मोडेममध्ये यायचं आणि तापमान चढलं की त्यातल्या सिमकार्डावरून मेसेज सुटायचा. तो येऊन आदळायचा माझ्या मोबाइलवर. दुसऱ्या कुणाचा नंबर त्यात घातलेलाच नव्हता.

आणखी एखादा नंबर घालू या, असं मी गोदामाच्या साहेबांना किती वेळा म्हटलं. ते हसून म्हणायचे, आपके जैसा कौन समझेगा, मॅडम. या कौतुकाचा मला संताप यायचा. नवरा बोटीवर नोकरीला, मी गोदामाजवळ प्रताप नगरच्या भाड्याच्या खोलीत आणि तीन वर्षांची मुलगी सांगलीला माझ्या आईकडे. अलीकडे ती फोनवर यायलाच तयार नसे, आई तिला ओढून आणायची. पोर मला विसरत चाललीय, या धास्तीने माझी अन्नावरची वासना उडाली होती.

दिवाळीला रजा मागितली, तर साहेबांनी चक्क लगेच दिली. वर म्हणाले, "मेसेज तो वहाँ भी आ जाएगा, मॅडम."

सांगलीत पहिल्या आंघोळीला मुलीला तेल मीच लावणार म्हणून मी हटून बसले. आधी ती अंग चोरत होती. उटणं लागलं तशी खुदखुदायला लागली आणि माझ्या मांडीवर रेलली. मला रडूच येणार होतं, तेवढ्यात मेसेज आला. एका खोलीचं तापमान चढत होतं. तेलकट हातांनीच मी गोदामात फोन लावला. पहारेकऱ्याने पाहून सांगितलं, दार नीट लागलं नव्हतं, आता लावलंय. तरी तापमान उतरल्याचा मेसेज येईपर्यंत मी अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. माझ्या डब्या आपलं काम चोख करत होत्या.

परत आले तर आईने तिला न्हाऊ घालून टॉवेलात गुंडाळलं होतं. मी हात पुढे केले. मुलीने आजीच्या गळ्याला मिठी मारली आणि मला समजावत म्हणाली, "तू जा. तुझा फोन वाजेल."